कावेरीची माय जिवंत आहे

कावेरीवर अन्याय झाला. गेल्या एप्रिलमध्ये, एम. ए. मराठीच्या दुसऱ्या सत्राचा शेवटचा पेपर होता त्या दुपारी तिने जे लिहिलं, त्याला निकालाआधी कुणीतरी लाल पेनाने खोटं ठरवलं. पेपर ललित लेखनाचा होता. मनात घर करून राहिलेल्या एका ऋतूवर ललित लेख लिहा, असा प्रश्न होता. कावेरीने लिहिला आणि नापास झाली. उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवली तेव्हा तिच्या लेखाखाली दोन वाक्यं सापडली. 'अनुभव स्वतःचा वाटत नाही. शेवट नाही.'

हे आधीच सांगून टाकलं. मोर्च्याची पत्रकं लिहायची सवय आहे मला. कुणावर आणि कधी, हे पहिल्या ओळीत नसेल तर लोक कागदाची पुडी करून त्यात शेंगदाणे खातात. ऊन, वारा, लिंबाचा मोहोर मागून येतीलच. ते कुठं जायलेत.

आलेच बघा. नांदेडात पुन्हा एप्रिल आहे. वसतिगृहासमोरच्या कडुलिंबाचा बारीक पांढरा मोहोर रस्त्यावर सांडलाय आणि त्याच्या कडूगोड वासाला मी गेली दोन वर्षं घाबरते, कारण तो हॉल तिकिटाबरोबर येतो. दुपारी गोदावरीकडून येणारा वारा भट्टीतून निघाल्यासारखा असतो. अभ्यासिकेतल्या कुलरला नवा वाळा लावलाय. बाहेरून आत शिरलं की आधी तो ओला वास नाकाला लागतो, मग अंधार, मग आवाज. भिंतीवर 'शांतता राखा' असं लिहिलेलं आहे, पण शांतता कसली. प्रत्येक कप्प्यातून एक पुटपुट येत असते. ओठ हलतात, डोळे मिटलेले असतात, मान डुलत असते. लांबून बघणाऱ्याला वाटेल, जप चाललाय. जवळ जाऊन कान दिला तर कळतं, कुणीतरी स्वतःचं बालपण पाठ करतंय.

आठवण पाठ करणं. हे वाक्य तुम्हाला विचित्र वाटत नसेल, तर तुम्हीही आमच्याच भागात शिकलात.

मी मूळची रेणापूरची. दहावीला लातुरात होते, जिथं चौकाचौकात गुणवंतांचे चेहरे फलकावर लटकतात आणि उन्हाने त्यांचे रंग उडून सगळे एकमेकांचे सख्खे भाऊ दिसायला लागतात. आमच्या वर्गात निबंध लिहायचा नसायचा, बसवायचा असायचा. 'मी पाहिलेला पूर' हा त्यातला पक्का निबंध. नळाला पाणी कधी येईल हे महापालिकेला सोडा, देवालाही सांगता येत नव्हतं. गल्लीत टँकर आला की आम्ही मुली बेंचावरून उठून घागरी घेऊन पळायचो, भांडायचो, ओल्या गणवेशाने परत यायचो आणि उरलेला परिच्छेद पाठ करायचो: 'पाहता पाहता पाण्याने रौद्र रूप धारण केले.' कुणी हसलं नाही. मीही नाही. खरं म्हणजे तेव्हाच संशय यायला हवा होता, की आमच्या डोळ्यांसमोर जे चाललंय त्यावर प्रश्न कधीच का येत नाही? टँकरच्या रांगेवर निबंध का नसतो? कुणी ठरवलं, की पूर म्हणजे साहित्य आणि घागर म्हणजे नुसती घागर?

कावेरी लोह्याजवळच्या एका खेड्यातली. माझी खोलीतली जोडीदारीण. कमी बोलते, पण बोलली की सरळ. पहिल्या दिवशी माझ्या भिंतीवरचे मोर्च्याचे कागद बघून म्हणाली, "एवढं ओरडून घसा दुखत न्हाई का गं तुझा?" मी म्हटलं, दुखतो. तर तिने ट्रंकेतून एक बाटली काढली. तळाशी थोडंसं पिवळसर पाणी. "चमच्याभर घे. घशाचं माहीत न्हाई, पोटाला तरी बरं." घेतलं आणि माझा अख्खा चेहरा आकसला. एवढं आंबट मी जन्मात काही प्यायले नव्हते. ती पलंगावर लोळून हसली. "हरभऱ्याची आंब हाय ती. रेणापूरची म्हनतीस आन आंब ठावं न्हाई? शेतकऱ्याची हायस का हेडमास्तरची?"

तर ती आंब. थंडीत हरभरा घाट्यावर आला की कावेरीची माय दिवस मावळताना शेतात जाते आणि झाडांवर धुतलेलं पांढरं धोतर पसरते. रात्रभर दहिवर पडतं, पानांवरचा आंबटपणा कापडात उतरतो. उन्हं यायच्या आत ते ओलंचिंब धोतर उचलून जर्मनच्या पातेल्यात पिळायचं. तेच पाणी बाटलीत भरून ठेवायचं. पोट दुखलं, ऊन लागलं, की गावातलं कुणीही येऊन मागून नेतं. पिळून पिळून मायच्या बोटांना चिरा पडतात आणि त्या चिरांत आंब झोंबते. त्याच हाताने ती भाकरी मोडून लेकीला द्यायची. भाकरी आंबट लागायची. कावेरीला कितीतरी वर्षं वाटत होतं, की सगळ्यांच्याच आयांच्या हातची भाकरी हिवाळ्यात आंबट होते, आया तशाच असतात.

हेच तिने पेपरात लिहिलं. शेवटी माय हात झटकते आणि म्हणते, "चल ऊठ, पोट धरून येणारे येतील आता." संपलं. मी ती प्रत वाचली आहे. तिच्यात एकही मोठा शब्द नाही. वाचून झाल्यावर माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं आणि डोळ्यालाही, आणि कोणतं कशाने आलं हे मला सांगता येत नव्हतं. लेख यापेक्षा वेगळा काय असतो?

माझा ऐच्छिक पेपर भाषाविज्ञानाचा होता, त्यामुळे मी सुटले. कावेरीच्या बाकाच्या आजूबाजूच्या मुलांनी काय लिहिलं, ते त्यांनीच हसत हसत सांगितलं. सगळ्यांचा ऋतू पावसाळा, सगळ्यांचे आजोबा पावसाळ्यात वारलेले. एकाच आजोबांना एका दुपारी एवढ्या नातवंडांनी खांदा दिला. ते सगळे पास. तपासणाऱ्याला त्या गर्दीत काही संशयास्पद दिसलं नाही. त्याचा संशय जागा झाला तो आंबट भाकरीपाशी.

का, याचा मी वर्षभर विचार केला. तपासणारा शहरातला असेल, त्याला आंब माहीत नसेल, असं मला आधी वाटलं. नंतर वाटलं, एवढं साधं नाही. माहीत नसलेलं तर तो पुराणातलंही खरं मानतो. प्रश्न वेगळा आहे. गावाकडच्या पोरीची आठवण त्यांना तेव्हाच खरी वाटते, जेव्हा ती रडत येते. तिची माय उपाशी पाहिजे, नाहीतर मेलेली. नुसती सकाळी उठून धोतर पिळणारी, लेकीला 'ऊठ' म्हणणारी, गावाला औषध वाटणारी ठणठणीत बाई त्यांना पचत नाही. 'शेवट नाही' याचा अर्थ कुणी मेलं नाही, एवढाच आहे.

आणि गंमत बघा. समीक्षेच्या पेपरला आम्हाला 'अनुभवाची सच्चाई' हा प्रश्न हमखास असतो. सच्चाईचे मुद्दे ठरलेले आहेत. सगळे जण तेच मुद्दे त्याच क्रमाने पाठ करतात, एक चुकला तर गुण कापतात. मी त्या प्रश्नासमोर बसले की मला घाम फुटतो, आणि तो एप्रिलचा नसतो. साहित्य शिकायला आलो तेव्हा वाटलं होतं, इथं तरी माणसाला स्वतःच्या तोंडाने बोलू देतील. आता 'तरल', 'हृदयस्पर्शी', 'उत्कट' हे शब्द दिसले, की मी खिसे तपासते. काहीतरी चोरीला गेलेलं असतं.

या वेळी खरोखरच गेलं होतं.

निकालानंतर कावेरी ती छायांकित प्रत घेऊन क्लासच्या सरांकडे गेली होती. सर म्हणजे इथल्या अर्ध्या मराठीवाल्यांचे सर; बी. ए.पासून नेट-सेटपर्यंत सगळ्यांना नोट्स देतात, स्वभावाने गोड, कुणालाही 'बेटा' म्हणतात. तिने विचारलं, सर, यात माझं चुकलं कुठं? सरांनी प्रत ठेवून घेतली. निवांत बघतो म्हणाले. चार दिवसांनी परत दिली, "भाषा सुधार बेटा," एवढं म्हणाले. बस.

मग या मार्चच्या शेवटी आम्ही दोघी अभ्यासिकेत बसलो होतो. मी चौथ्या सत्राची तयारी करत होते, ती त्याचबरोबर राहिलेल्या त्या पेपरची. पलीकडच्या कप्प्यात उदगीरकडची एक पोरगी पुटपुटत होती. पहिल्या वर्षाची, नवी. मला आधी नुसती लय ऐकू आली. मग शब्द. "हिवाळ्यातील त्या रम्य पहाटे माझी आई हरभऱ्याच्या शेतात आपली जरीकाठी पैठणी पसरवी…"

कावेरीचा पेन थांबला.

"…आणि चांदीसम चमकणाऱ्या कळशीत ते दवबिंदू पिळून घेई. तिच्या कोमल हातांना लागलेली ती आंबट चव…"

आम्ही उठून तिच्यामागे उभ्या राहिलो. पोरीने डोळे मिटलेले. मान डोलत होती. शेवट आला तसा तिने आवाज बारीक केला, जणू समोरच्या कागदावर कंसात तसं लिहिलेलं असावं. "आज आई या जगात नाही. पण तो आंबट हात अजूनही माझ्या मस्तकावर आहे."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला तर ती दचकली. "कुणाची आई गं ही?" मी विचारलं.

"मला काय माहीत ताई? सरांच्या नोट्स हायत. इम्पॉर्टंट म्हणून टिक केलंय. औंदा ह्येच येनार म्हनलेत."

"तुझी आई कुठंय?"

"घरी हाय की. काहून?"

कावेरी आधी हसली. "पैठणी!" म्हणाली. "दहिवरात पैठणी! रंग राहील का तिचा? मायनं हानलं असतं." मग हसता हसता म्हणाली, "शेवट वाच बरं पुन्हा." पोरीने वाचला. कावेरीने तो ऐकला, बाहेर गेली आणि जिन्यावर उभं राहून घरी फोन लावला. मी मागे गेले. ऊन उतरत होतं, खाली रिक्षावाले पाणी मारून सीट थंड करत होते. फोन स्पीकरवर होता, कारण तिच्या फोनचा कानाकडचा आवाज कधीच गेलाय.

"माय, जेवलीस का?"

"आत्ता गं? चार वाजायलेत. काय झालं? काहून फोन केलीस?"

"काही न्हाई. काय करायलीस?"

"तुरी घोळायलेय. काय झालं ते सांग."

कावेरीने सांगितलं. सगळं, नोट्स, पैठणी, आणि शेवट. पलीकडून सुपाचा आवाज थांबला.

"मेले म्हनून लिहिलंय?"

"हाव."

"मग दहावा घातला का न्हाई? का नुसतंच रडून मोकळे?"

आम्ही दोघी हसलो. मग माय पुढं म्हणाली, "हे बघ, तसं लिहून पास होत असशील तर मार बाई मला एकदा. पेपरात मेल्यानं काय मरत न्हाई मानूस. लोह्याच्या शाळेवाले डिग्री घेऊन ये, नोकरी देतो म्हनलेत ना? मग? मी हितं सुपारी खाऊन बसते, तू तिकडं मार."

यात किती प्रेम होतं ते मला कळतं. आणि त्यामुळेच जास्त संताप आला. एका जिवंत बाईला आपल्या लेकीची पदवी अडू नये म्हणून स्वतःच्या मरणाला परवानगी द्यावी लागली, तीसुद्धा तूर पाखडता पाखडता. हे कोणत्या साहित्याच्या अभ्यासक्रमात बसतं?

दुसऱ्या दिवशी मी कावेरीला ओढत सरांकडे नेलं. सर खुर्चीत होते, पंखा होता, टेबलावर नव्या नोट्सचे गठ्ठे, शाईचा गरम वास. मी सरळ विचारलं, "सर, हा लेख कुणाचा?"

"कोणता? अच्छा, आंब. छान झालाय ना?"

"हिचा आहे तो. हिची आई आहे ती."

सरांनी कावेरीकडे पाहिलं. ओशाळले असते तर मी कदाचित थोडी नरमले असते. ते कौतुकाने हसले. "अरे वा! मग तर तुझा सन्मानच झाला बेटा. साहित्य सगळ्यांचं असतं. मी फक्त जरा आकार दिला. तुझ्यात शेवट नव्हता."

'शेवट नव्हता.' अगदी तेच शब्द. त्या क्षणी माझ्या मनात जी पाल चुकचुकली, ती अजून थांबलेली नाही. लाल पेनाची ती दोन वाक्यं सरांनी प्रतीवर वाचली म्हणून त्यांच्या तोंडात आली, की आधीपासून त्यांचीच होती? तपासणीला कोण बसतं, हे आम्हाला कुणी सांगत नाही. मी आरोप करत नाही; माझ्याकडे पुरावा नाही. पण संशय घ्यायला पुरावा लागत नाही, नाहीतर कावेरी नापास झालीच नसती.

"सर, माझी माय जित्ती हाय," कावेरी म्हणाली. एवढंच.

"असू दे ना बेटा, शंभर वर्षं जगो. पेपरात काय फरक पडतो? आता माझं ऐक. तू हाच लेख लिही. तुझाच आहे म्हणतेस, मग अडचण काय? फक्त शेवट माझा घाल. या वेळी निघशील."

आम्ही जिना उतरलो. मग मी सुटले. पत्रक काढू, गेटवर उभं राहू, कुलगुरूंना निवेदन देऊ. कावेरी चपलेत गेलेला खडा काढत होती. म्हणाली, "तू मोर्चा काढशील गं. पन पेपरला मीच बसनार हाय. एकटी."

ते मला लागलं. तिच्यापुढं खरोखर काय होतं बघा. आपली आठवण जशी आहे तशी लिहावी, तर या वर्षी त्याच हॉलमध्ये डझनावारी पोरं तीच आंब पैठणीत गाळून लिहिणार. तिचाच लेख नोट्सची खराब नक्कल ठरणार, मरण वगळलेली, म्हणजे अर्धवट पाठ केलेली. सरांचा शेवट घालावा तर पदवी, शाळा, लोह्याची एस. टी., घराजवळची नोकरी. तिसरं काहीतरी नवीन लिहावं, तर ते तरी तिचं राहील याची काय हमी? मी सुचवलं, दुसरी आठवण लिही. ती म्हणाली, "कामून? माझी हाय ती. मीच कामून सोडू?"

त्या दिवसांत ती काहीच पाठ करत नव्हती. खिडकीत बसून पेरू खायची, मीठ लावून. मला तिचाही संशय यायला लागला होता, खोटं कशाला बोलू. वाटायचं, हिने ठरवलंय. गुपचूप तो शेवट लिहील आणि मला सांगणार नाही. आणि लिहिला तर मी कोण बोलणारी? मेसमध्ये आमटीचे भुरके मारता मारता मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचे. ती म्हणायची, "असं काय पोलिसावानी बघायलीस?"

पेपर झाला त्या दुपारी मी हॉलबाहेर लिंबाखाली उभी होते. पोरं घामेजलेली, खुशीत बाहेर आली. "आलं, आलं! आंबच लिहिली." उदगीरची ती पोरगी पहिल्या वर्षाच्या घोळक्यात लाजत हसत होती. कावेरी सगळ्यांत शेवटी आली. बोटांना शाई. मी पुढं झाले. पाण्याची बाटली दिली. तिने तोंडावर पाणी मारलं, ओढणीने पुसलं.

"धोतरच लिहिलं," ती म्हणाली. "जर्मनचं पातेलं लिहिलं. चिरा लिहिल्या. आन शेवटी लिहिलं, की माय काल फोनवर म्हनाली, औंदा हरभरा बरा होता, तुझ्यासाठी एक बाटली काढून ठेवलेय, ये."

"मग?"

"मग काय. संपला टाइम."

ते सगळे पेपर आता कुठंतरी गठ्ठ्यांत आहेत. कुणाच्या तरी टेबलावर, कुणाच्या तरी पंख्याखाली. हे वाचणाऱ्यांत मास्तर, प्राध्यापक, परीक्षक पुष्कळ असणार, म्हणून तुमच्याशीच बोलते. आंबेवरचे लेख तुमच्यापुढं ढिगाने येतील. बहुतेकांत आई मरेल. एकीत मरणार नाही. तिथं तुमचा लाल पेन उचलला जाईल, तेव्हा थांबा. तो लेख पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचा. आणि तरीही नापास करायचं असेल तर करा. पण 'स्वतःचा वाटत नाही' असं लिहू नका. का वाटत नाही, ते लिहा, आणि खाली स्वतःचं नाव घाला.